क्यूला तेल की मेण? (पावसाळा, घाम आणि उघडा पडलेला शाफ्ट)

तिरपा_शॉट

मंडळी, नमस्कार. इथे क्रिकेटचे धागे दोनशेच्या वर जातात, कॅरमवरही वाद झालेत, पण स्नूकरवर कोणी लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून धीर करतो.

गेल्या दिवाळीत एका ओळखीच्याकडून जुना क्यू (चेंडू मारायची काठी) घेतला. अ‍ॅशचा शाफ्ट (पुढचा निमुळता भाग), एबनीचा बट (मागचा जाड भाग), ५८ इंच, पाऊण लांबीवर सांधा. सरळ आहे, वजनही हाताला बसलं. भानगड एकच, शाफ्टवर चकचकीत व्हार्निश होतं. मेपर्यंत कसंबसं चाललं. जून लागला आणि ठाण्याच्या हवेत तो ब्रिजच्या (टेबलावर टेकवलेल्या हाताच्या) बोटांतून सरकेना. ओल्या रेक्झिनवरून बोट फिरवावं तसं वाटायचं. मागच्या रविवारी डोकं फिरलं आणि ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळं व्हार्निश उतरवलं. मग ८००, मग १२००. आता लाकूड उघडं आहे, हाताला मस्त लागतंय, आणि मी घाबरलोय.

क्लबातले मार्करकाका (टेबलं आणि गुण सांभाळणारे) म्हणतात खोबरेल चोळ. ऑफिसातला मित्र म्हणतो बॉइल्ड लिनसीड. यूट्यूबवरचा एक गोरा म्हणतो फक्त कार्नोबा मेण, बाकी सगळं पाप. हार्डवेअरवाल्याने न विचारताच टीक ऑइलचा डबा पुढे केला. चौघांचंही ठाम मत आहे. मी काय करू?

भुईनळा

पहिला!

आमच्याकडे क्यू फक्त रेशनच्या दुकानासमोर असतो. त्याला तेल लावायची गरज पडत नाही, पामतेल संपलं म्हटलं की तो आपोआप सरकतो.

झुळूक

वाचतेय. खेळातलं शून्य कळतं, पण लाकडाचं पोळपाट-लाटणं घरी आहे. उपयोग होईल.

सुतारपक्षी

नाशिकला घरच्या गच्चीवर छोटी सुतारशाळा आहे, त्या अधिकारात बोलतो. स्नूकर येत नाही.

आधी खोबरेल बाजूला ठेवा. तेलांच्या दोन जाती असतात. काही हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतात, त्यांचा पातळ पण खरा थर तयार होतो. जवसाचं म्हणजे लिनसीड, टंग, अक्रोडाचं ही या जातीतली. दुसरी आयुष्यभर तेलच राहतात. खोबरेल, शेंगदाणा, एरंडेल, बाळाला चोळायचं ते पांढरं मिनरल ऑइल. रसायनशास्त्रात याला आयोडीन अंक म्हणतात. जवसाचा १७० च्या वर, खोबरेलाचा १० च्या आसपास. म्हणजे खोबरेल कितीही दिवस ठेवा, ते वाळणार नाही. लाकडाच्या रेषांत ओलसर बसून राहील आणि तुम्ही क्यूच्या टोकाला घासता त्या खडूची पूड धरेल.

आता कच्चं लिनसीड की बॉइल्ड? बॉइल्ड या नावावर जाऊ नका. बाजारात मिळतं ते उकळलेलं नसतं, लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार मिसळलेले असतात. ते साधारण दिवसभरात वाळतं. कच्चं तेल कित्येक दिवस घेतं, आणि या हवेत त्याहून जास्त. टीक ऑइल, डॅनिश ऑइल ही नावं आहेत, जाती नाहीत. डब्यात तेल, थोडं व्हार्निश आणि पातळ करायला टर्पेंटाइनसारखं काहीतरी, आणि प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं. तुम्ही व्हार्निशला कंटाळून ते उतरवलंत आणि तेच पुन्हा मागच्या दाराने आत घेणार का?

कृती सोपी. फडक्यावर चार-पाच थेंब, अख्ख्या शाफ्टला तेवढेच. पंधरा मिनिटं थांबा. मग कोरड्या फडक्याने इतकं पुसा की तेल लावलंच नव्हतं असं वाटलं पाहिजे. जो थर वर दिसतो तोच पुढे चिकट होतो.

आणि महत्त्वाचं. तेलाचं फडकं चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं. बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. यात थट्टा नाही.

कोकणी_काजू

सुतारपक्षीभाऊ, हे तुम्ही दहा वर्षांपूर्वी का नाही लिहिलंत?

मी खोबरेल लावलंय. कॉलेजात असताना, आईच्या डब्यातलं, चांगलं सढळ हाताने. पहिले दोन दिवस क्यू असा पळायचा की मी स्वतःला मोठा खेळाडू समजायला लागलो. तिसऱ्या दिवशी हिरवा खडू शाफ्टवर असा बसला की शेवग्याची शेंग वाटावी. आठवड्याने वास सुटला. ते पुसायला स्पिरिट, मग पॉलिश पेपर, मग पुन्हा पेपर. टिपेजवळ (चेंडूला लागणाऱ्या टोकाजवळ) शाफ्ट इतका बारीक झाला की फेरूल (टोकावरची कडी) बाहेर डोकावायला लागलं. शेवटी तो क्यू पडद्याचा दांडा झाला. अजून आहे, रत्नागिरीच्या घरी.

डेक्कनचे_आजोबा

तिरपा_शॉट, तुला अरे म्हणतो, वय झालंय.

मी १९६८ पासून पुण्यात खेळतो. आमच्या पिढीला या खेळाचं वेड लावलं ते विल्सन जोन्सने. पुण्यात जन्मलेला माणूस, १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचा जागतिक हौशी विजेता झाला आणि १९६४ ला पुन्हा. आता पंकज अडवाणीचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, तोही जन्माने पुण्याचाच, पण पहिला मान जोन्सचा.

आमच्या क्लबातला मार्कर कच्चं जवसाचं तेल वापरायचा. वर्षातून एकदाच, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. सगळ्यांचे क्यू रांगेत, तो एकेकाला दोन थेंब लावी आणि मग नुसत्या तळहाताने चोळत बसे, हात भाजेपर्यंत. दुसऱ्या दिवशी शस्त्रपूजेला क्यू आणि चेंडू मांडायचो. झेंडूचं फूल खडूच्या डबीवर. वर्षभर बाकी काही नाही, फक्त कोरडा पंचा.

मेणबिण आम्ही मोटारीला लावायचो. तेही ज्यांच्याकडे मोटार होती त्यांनी.

खडूस_इंजिनियर

आजोबांचा मान राखून: तेलाने क्यू 'निरोगी' राहतो, वाकत नाही, हे जे सगळीकडे सांगतात त्यात दम नाही. तेलाचा थर पाण्याचा थेंब काही वेळ अडवतो, हवेतली वाफ नाही. बाष्प अडवण्यात जाड व्हार्निश उत्तम, तेल अगदी मागे, मेण त्याहून मागे. लाकूड हवेप्रमाणे ओलावा घेणार आणि सोडणार. लांबीत त्याचा फरक नगण्य, रुंदीत पडतो. अ‍ॅश ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत रेषांच्या एका दिशेत ५ टक्क्यांच्या आसपास आकसतं, दुसऱ्या दिशेत ८ च्या. रेषा तिरक्या असल्या की वाक तिथे येतो. क्यू सरळ राहतो तो लाकूड निवडताना आणि वर्षानुवर्षं वाळवताना केलेल्या कामामुळे. नंतर बाटलीतून सरळपणा ओतता येत नाही.

भिंतीला तिरपा टेकवू नका, गाडीच्या डिकीत ठेवू नका. झालं.

डेक्कनचे_आजोबा

इंजिनियरसाहेब, मी वाकण्याबद्दल अक्षरही लिहिलेलं नाही. वर जाऊन वाचा.

खडूस_इंजिनियर

वाचलं. माफी. तुमचं नाव घेऊन मी यूट्यूबवरच्या गोऱ्याशी भांडत होतो.

नर्मदाकिनारी

जबलपूरच्या मराठी माणसाला बोलावलंच नाही कोणी? अहो, हा खेळच आमचा! १८७५ च्या पावसाळ्यात इथल्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेम्बरलेन नावाच्या अधिकाऱ्याने तो सुरू केला असं सांगतात. (पुढे पंतप्रधान झाला तो हा नव्हे, दर वेळी खुलासा करावा लागतो.) नियम नंतर उटीच्या क्लबात लिहून लावले, १८८२ साली, म्हणून श्रेय उटीवाले घेऊन जातात.

तात्पर्य, पावसाळी हवेत क्यू चिकटतो ही तक्रार खेळाइतकीच जुनी असणार.

भुईनळा

म्हणजे पाऊस नसता तर हा धागाच नसता.

पॉलिशवाला

नाव बघून कळलं असेल. लाखेचं पॉलिश का नको? स्पिरिटमध्ये चपडी विरघळवायची, दोन पातळ हात, लगेच वाळतं. जुन्या शिसवी फर्निचरला शंभर वर्षं टिकलंय.

सुतारपक्षी

दादा, कपाटावरून दिवसाला हजार वेळा घामट बोट फिरत नाही. लाखेला दमट हवा आणि ओल सोसत नाही, पांढुरकी पडते. शिवाय वर पुन्हा थरच येतो, आणि धागाकर्त्याला नेमका थर नकोय. बटाला करायचं असेल तर माझी हरकत नाही.

बाराफुटी

मी मेणाच्या पक्षात. गेली सहा वर्षं दादरला खेळतोय, शाफ्टला फक्त कार्नोबा. पहिल्यांदा कच्चं तेल लावून वाळू दिलं होतं, त्यानंतर महिन्यातून एकदा नखाएवढं मेण. तेलवाले लोक बोटांच्या खालच्या सरकण्याबद्दल बोलतच नाहीत, फक्त लाकडाच्या 'पोषणा'बद्दल बोलतात. लाकूड मेलेलं आहे हो, त्याला पोषण कसलं? मला बोट सरकायला हवं.

कोकणी_काजू

@बाराफुटी, मधमाशीचं मेण चालेल का? आमच्याकडे गावचं मिळतं.

सुतारपक्षी

मी उत्तर देतो. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशाला वितळतं, कार्नोबा ८२ च्या वर. बोटाची ऊब आणि घर्षण दोन्ही धरा, मऊ मेण हाताखाली थोडं ओढ घेतंच आणि खडू पकडतं. कार्नोबा ब्राझीलच्या एका ताडाच्या पानावरचं, कडक. पण कडक म्हणून घासून चमकवायलाही तेवढाच जोर लागतो, आणि नाही घासलं तर त्याचेही ओरखडे दिसतात. बाराफुटींचं चालतंय ते मेण नखाएवढं आहे म्हणून. डबीत बोट बुडवून लावणाऱ्याचं नाही चालणार.

एक इशारा: फर्निचर चमकवायचे जे स्प्रे येतात त्यांत बऱ्याचदा सिलिकॉन असतं. ते एकदा रेषांत गेलं की पुढे कुठलाही हात नीट बसत नाही, पृष्ठभागावर माशाच्या डोळ्यासारखी वर्तुळं उठतात.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, जवसाचं तेल म्हणता आणि चटणीचा विषय कोणीच काढत नाही? आमच्या इकडे जवस भाजून, लसूण, तिखट, मीठ घालून कुटली की भाकरीवर वरून तेल घ्यायचं. हे तुम्ही काठीला लावता?

घाण्यावरचं खायचं जवस तेल चालते का बा यासाठी? घरी आहे.

झुळूक

ठेचाभाऊ, कृती सविस्तर द्या. जवस किती, लसूण किती.

सुतारपक्षी

घाण्याचं चालतं, तेही वाळतं. फक्त ताजं घ्या. खाण्यासाठी त्यात काही मिसळून टिकाऊ केलेलं नाही ना, तेवढं बाटलीवर वाचा. नाहीतर चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात लहान बाटली मिळते, एका क्यूला जन्मभर पुरेल.

शेफील्डकर

इथे क्रूसिबल थिएटर माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर आहे, १९७७ पासून जागतिक स्पर्धा तिथेच होते. त्यामुळे क्यूवरच्या गप्पा पबमध्येही होतात. सांगण्यासारखं दोनच.

एक, इथला त्रास तुमच्या उलटा. हिवाळ्यात हीटिंग चालू झालं की हवा कोरडी ठणठणीत. एबनीच्या बटाला बारीक चीर पडल्याची तक्रार इथे नेहमी ऐकू येते. म्हणून इथला माणूस जेव्हा दर दोन महिन्यांनी तेल लाव म्हणतो, तेव्हा तो स्वतःच्या खोलीबद्दल बोलतोय. ठाण्यात ते जसंच्या तसं उचलू नका.

दोन, आपल्याला वाटतं मोठे खेळाडू क्यूला देवासारखं सजवत असतील. स्टीफन हेन्ड्रीने सातही जागतिक विजेतेपदं ज्या क्यूने जिंकली तो अगदी स्वस्तातला, लहानपणी मिळालेला होता. २००३ साली विमानप्रवासात तो मोडला. मोडल्यावर जगभर बातमी झाली, पण त्यावर तेल होतं की मेण हे कोणी विचारलं नाही.

खडूस_इंजिनियर

+१. विशेषतः पहिल्या मुद्द्याला.

गुलाबी_चेंडू

एवढे प्रतिसाद झाले आणि धागाकर्त्याला कोणी एक साधा प्रश्न विचारला नाही. दादा, टिपेपासून पहिल्या फूटभरात तुम्ही किती वेळा कागद मारलात? स्नूकरची टिप साडेनऊ मिलिमीटरची. तिथे पाव मिलिमीटर गेला तरी क्यू लवचीक लागतो, चेंडू वेगळा जातो. काजूंचा पडद्याचा दांडा लक्षात ठेवा. बोट फेरूलवरून लाकडावर नेऊन बघा, पायरी लागते का?

दुसरं. मी मुंबईत खेळते, ग्रुपमध्ये आम्ही तिघीच मुली. आधी माझाही क्यू चिकटायचा, मीही तेल-मेण सगळं करून पाहिलं. शेवटी कळलं की दोष नव्वद टक्के माझ्या हाताचा होता. रिक्षातून उतरायचं, चहा-बिस्किट, आणि तेच हात शाफ्टवर. आता पोचल्यावर साबणाने हात धुते, नीट कोरडे करते आणि दर फ्रेमनंतर (डावानंतर) सुती रुमालाने शाफ्ट पुसते. रात्री घरी आल्यावर ओलसर (ओला नाही, घट्ट पिळलेल्या) फडक्याने एकदा, लगेच कोरड्याने जोरात. अ‍ॅशच्या रेषा उघड्या असतात, खडू तिथेच बसतो. मेपलवाल्यांना हा त्रास कमी.

एसी हॉलमधून थेट पावसात क्यू काढू नका. पेटीत ठेवून पेटी थोडा वेळ बंद राहू द्या.

बाराफुटी

हात धुणं वगैरे ठीक, पण पावडर? मी थोडी टाल्कम घेतो.

गुलाबी_चेंडू

घ्या, पण ती टेबलावर सांडून पुढच्या माणसाची पांढरी रांगोळी करू नका. आमच्याकडे एक काका कॅरमची बोरिक पावडर घेऊन आले होते. मार्करने बाहेर काढलं.

भुईनळा

मार्करला पद्मश्री द्या.

तिरपा_शॉट

सगळ्यांचे आभार, एवढं वाचून मी दोन दिवस काहीच केलं नाही, हा त्यातल्या त्यात शहाणपणा.

@गुलाबी_चेंडू, पायरी लागतेय. अगदी बारीक, नखाला कळते, डोळ्याला नाही. हे तुम्ही विचारलं नसतं तर मी आणखी एक हात कागद मारणार होतो. थांबलो.

@आजोबा, दसऱ्यापर्यंत थांबायचं म्हणजे अडीच महिने उघड्या लाकडाने खेळायचं. चालेल का?

डेक्कनचे_आजोबा

चालेल की. उघड्या लाकडाने कोणी दगावत नाही. पण तुला धीर नाही हे दिसतंय. तर आता एकदाच, अगदी पुसट, आणि हवा कोरडी झाली की दसऱ्याला नीट. तळहाताने चोळायला विसरू नकोस, फडक्याने ती ऊब येत नाही.

सुतारपक्षी

आजोबांशी सहमत. या दिवसांत कच्चं तेल वाळायला वेळ लागेल, तीन दिवसांनी चिकट लागलं तर घाबरून दुसरा हात देऊ नका. पुन्हा कोरडं पुसा. आणि बटाला तेल नको. एबनी आधीच घट्ट आणि तेलकट, त्यात तेल जात नाही, वर तरंगत राहतं. तिथे बाराफुटींचं मेण.

वऱ्हाडी_ठेचा

झुळूकताई, एक वाटी जवस, सात-आठ पाकळ्या लसूण, दोन चमचे तिखट, मीठ. जवस तडतडेपर्यंत मंद भाजा, थंड करा, मग कुटा. मिक्सर फिरवायचा तर थांबून थांबून, नाहीतर तेल सुटून गोळा होते.

तिरपा_शॉट

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय.

चित्रकलेच्या दुकानातून कच्च्या लिनसीडची लहान बाटली आणली. चार थेंब म्हटलं होतं, मी दहा टाकले. स्वभाव. पंधरा मिनिटांनी पुसलं, तळहाताने चोळलं. चौथ्या दिवशीही टिपेकडचा भाग किंचित चिकट, कारण जास्तीचं तेल तिथेच राहिलं होतं. सुतारपक्षींनी बजावलं होतं म्हणून दुसरा हात दिला नाही, जाड सुती फडक्याने पुसत राहिलो. दहाव्या दिवशी शाफ्ट कोरडा. रंग जरा पिवळसर झालाय, अ‍ॅशच्या बाणासारख्या रेषा आधीपेक्षा उठून दिसतात. बटाला नखाएवढं मेण. फडकं पाण्याच्या बादलीत टाकलं होतं. ती बादली बायकोने फरशी पुसायला घेतली, आणि घरात दोन दिवस चित्रकलेच्या वर्गाचा वास होता.

सरकणं? व्हार्निशपेक्षा कितीतरी बरं. पण खरं सांगायचं तर हात धुऊन खेळायला लागलो तेव्हा जेवढा फरक पडला, तेवढा तेलाने पडला नाही. आणि तो फरक बाटली आणायच्या आधीच पडला होता.

काल क्लबात मार्करकाकांनी क्यू हातात घेतला, शाफ्टवरून दोनदा बोट फिरवलं, मान डोलावली. म्हणाले, "लावलंस ना खोबरेल? सांगितलं होतं तुला."

मी हो म्हणालो.

डेक्कनचे_आजोबा

बरं केलंस.

कोकणी_काजू

आता ते अख्ख्या ठाण्याला खोबरेल लावायला लावणार. पडद्यांचे दांडे स्वस्त होतील.

झुळूक

चटणी झाली, फार छान. उरलेलं जवस तेल लाटण्याला चोळलं. वाळायला किती दिवस लागतात म्हणालात?